सावलीची आणेवारी

भीमेवर उजनीचे धरण होणार हे निश्चित होऊन आमच्या गावच्या जमिनींचे निवाडे तयार होऊ लागले, तेव्हा माझे वय अकरा-बारा वर्षांचे असेल. परंतु त्या निवाड्याची वडिलांच्या नावे आलेली नक्कल मी आजवर जपून ठेवली आहे, आणि पुढे भूमापन खात्यातील तीस-एकतीस वर्षांच्या चाकरीत हजारो कागद हाताखालून गेल्यावरही त्या एका कागदाइतके कोणत्याही कागदाने मला विचारात पाडलेले नाही. जिराईत किती, बागाईत किती, पोटखराबा किती, विहीर पक्की की कच्ची, घराचे खण किती, हे सारे त्यात चोख नमूद आहे. झाडांचीही मोजदाद आहे, चिंच एक, लिंब दोन, बाभळी सात, आणि प्रत्येकीच्या लाकडाची व फळांची किंमत रुपये-पैशांत लावलेली आहे. मात्र त्या चिंचेखाली वैशाखाच्या दुपारी जी माणसे व जनावरे एकत्र टेकत असत, जेथे पाण्याचा रांजण बारमाही पुरलेला असे, आणि ज्या जागेवरून चुलत्या-पुतण्यांची भांडणे उपस्थित होऊन त्याच जागेवर ती मिटतही असत, त्या सावलीला त्या कागदावर रकाना नव्हता. कागद लिहिणाऱ्या कारकुनास मी यासाठी बोल लावीत नाही. लाकूड मोजता येते. सावली सकाळी एका खातेदाराच्या हद्दीत असते आणि दिवस कलता दुसऱ्याच्या, आणि अशा चंचल वस्तूची नोंद कोणत्या गट क्रमांकाखाली करावी, हा प्रश्न आमच्या खात्याच्या कोणत्याही नियमावलीत सोडविलेला नाही.

ही पुस्तिका त्या न मांडलेल्या रकान्यासंबंधी आहे. तिचा प्रत्यक्ष विषय पाहू जाता अगदी लहान, म्हणजे घराच्या सावलीत, कुंडीत अथवा ओट्याच्या कडेला, चित्रपर्णी जातीचे एक छोटे झुडूप कसे वाढवावे, एवढाच आहे. आणि ज्या तालुक्यात उसाच्या एकरी टनांखेरीज दुसऱ्या हिशेबास किंमत नाही, तेथे वीतभर उंचीच्या पट्टेदार पानासाठी कोणी पुस्तिका लिहावी, हे वाचकांपैकी पुष्कळांना रिकामपणाचे लक्षण वाटेल. तसे वाटण्यास माझी हरकत नाही. सेवानिवृत्त मनुष्य रिकामा असतोच.

पळसदेव हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे इंदापूर तालुक्यातील गाव. जुने गाव भीमेच्या काठी होते, ते यशवंतसागराच्या पाण्याखाली गेले, आणि आजचे गावठाण रस्त्याच्या अंगास, उंचवट्याच्या उघड्या माळावर वसविले गेले. जुन्या गावातले पळसनाथाचे दगडी देवालय विटांच्या शिखरासह अजून पाण्यातच उभे आहे. धरणाचे पाणी उतरू लागले की प्रथम शिखर दिसते, आणि एखाद्या टंचाईच्या उन्हाळ्यात सारे देऊळ उघडे पडले म्हणजे पुण्या-मुंबईची मंडळी छायाचित्रे घेण्यास होडीतून येतात. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांसाठी अशीच गर्दी होते. पाण्याचा एवढा विस्तार दाराशी असूनही आमचा मुलूख पर्जन्यछायेचाच. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही अनियमित, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या वर. नव्या गावठाणात घरे आखून दिली गेली, रस्ते आखून दिले गेले, परंतु पहिली दहा-पंधरा वर्षे तेथे सावली म्हणून जी काही होती ती भिंतींची होती, आणि भिंतीची सावली किती कृपण असते हे ज्याने तिच्यात बसून भाकरी खाल्ली आहे त्यालाच कळेल. गावाच्या नावात पळस आहे खरा. पण पळसाचे झाड नेमके शिमग्याच्या सुमारास पाने टाकून फुलांनी पेटते, म्हणजे ऊन चढू लागते त्या वेळी डोळ्यांना उत्सव देते आणि डोक्याला काही देत नाही.

येथे थोडे विषयांतर केल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही, कारण ते आमच्या तालुक्याच्या अभिमानाचे आहे आणि या पुस्तिकेच्या पद्धतीचे मूळही तेथेच आहे. मुंबई इलाख्याची जी प्रसिद्ध रयतवारी मोजणी, तिचा आरंभ इंदापूर तालुक्यात झाला. प्रिंगल साहेबाने बसविलेली आकारणी रयतेस पेलली नाही, शेते ओस पडली, आणि मग 1835 साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी येथे नव्याने मोजणी व प्रतबंदी सुरू करून तीस वर्षांच्या मुदतीचा सारा बांधून दिला. तीच रीत पुढे इलाखाभर पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीच्या चौरसाचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, ही आमची अक्षरओळख. जमिनीच्या प्रती नऊ. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. माती काळी व एकजीव आहे, तांबूस व भरड आहे, की मुरमाड व भुसभुशीत आहे, हे पाहावयाचे, तिची खोली पावणेदोन हातांपर्यंत मोजावयाची, आणि मग चुनखडीचे मिश्रण, उतार, पाणी साचणे, पाण्याने धूप होणे असे जे दोष आढळतील, त्या प्रत्येक दोषागणिक जमिनीस एकेक प्रत खाली उतरवावयाचे. मनुष्यबुद्धीने मातीवर केलेले इतके नेटके काम मी दुसरे पाहिलेले नाही. त्या प्रतबंदीत विहिरीच्या पाण्याचा विचार आहे, गावापासूनच्या अंतराचा आहे, बाजारपेठेचा आहे. उन्हाचा नाही, कारण ऊन सर्वांना सारखे, असे गृहीत धरले होते.

ते सारखे नाही, एवढेच मला या पुस्तिकेत सांगावयाचे आहे. एकाच अंगणात, पाच पावलांच्या अंतरावर, सोळा आण्यांची सावली आणि दोन आण्यांची सावली शेजारी शेजारी नांदत असतात, आणि झाड मरते ते बहुधा पाण्यावाचून नव्हे, तर चुकीच्या प्रतीच्या सावलीत लावल्यामुळे. हे मला कसे उमगले, त्याची हकीकत एका परदेशी झाडापासून सुरू होते.

न्यू जर्सीत माझी मुलगी राहते. तिच्या घराच्या उत्तर अंगास मेपलच्या झाडांखाली, जेथे गवतसुद्धा नीट धरत नाही, तेथे तिने ओळीने एक झुडूप लावले होते. जमिनीलगत पानांचा गोल घेर, कोणाची पाने थाळ्याएवढी, कोणाची विड्याच्या पानाच्या निम्मी. त्या लहानांपैकी एकाच्या गर्द हिरव्या पानास दुधी रंगाचा काठ होता, आणि तो काठ इतका रेखीव होता की इरकली लुगड्याची आठवण व्हावी. मी नाव विचारले. ती म्हणाली, "अण्णा, हा होस्टा. इथं जिथं काही येत नाही तिथं हेच लावतात. फक्त रात्री हरणं येऊन खातात." सावलीत काही येत नाही असे समजून आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्यास तेथे सावलीसाठीच जन्मलेले झाड दिसले, आणि पुढचे दोन महिने मी त्याखेरीज दुसरे काही वाचले नाही.

होस्टा मूळचा जपान, चीन व कोरिया येथील. जपानात त्याला गिबोशी म्हणतात. लाकडी पुलांच्या कठड्यांवर कांद्याच्या आकाराचे जे कळस बसवितात त्यांचे हे नाव, आणि या झाडाच्या कळ्यांचा झुबका तसाच दिसतो. नागासाकीच्या डच वखारीत वैद्य म्हणून राहिलेल्या केम्फरने 1712 च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. लिनियसचा शिष्य थुनबर्ग 1775 साली तेथे गेला त्याने त्यास शास्त्रीय नावे दिली, तीही दुसऱ्याच कुळांत घालून. आणि 1812 साली ट्राटिनिक याने निकोलस होस्ट या ऑस्ट्रियन वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ हे आजचे नाव ठेवले. पुढे फोन झीबोल्ट याने जपानी बागांतील जाती हॉलंडात नेल्या, आणि तेथून ते झाड युरोप-अमेरिकेच्या सावल्यांत पसरले. यांतील लहान आणि काठाची वा पट्ट्यांची जी वाणे आहेत ती सर्वांत नाजूक. मोठ्या पानाच्या भावंडांत लावली तर ती झाकली जाऊन मरतात. त्यांना बांधाकडेची, निचऱ्याची, एकटी जागा अथवा स्वतंत्र कुंडी लागते, आणि वर्षाकाठी त्यांची वाढ चार-दोन पानांपलीकडे जात नाही.

येताना त्यातला एक कोंब ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घालावा, असा मोह मला झाला नाही असे म्हणणे असत्य ठरेल. परंतु परदेशातून लावणीचे रोप आणावयाचे तर 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. आणि ज्याने उभी हयात इतरांकडे दाखले मागण्यात घालविली त्याने स्वतः विनादाखला विमानातून उतरावे, हे मनास पटेना. सबब मी ते आणले नाही. इकडे आल्यावर एका विक्रेत्याकडून टपालाने गड्डे मागविले, ते खरेच होस्टाचे निघाले हे त्याच्या पदरी पुण्य, आणि आमच्या घराच्या उत्तर भिंतीला लावले. पहिल्या वर्षी सात पाने आली. शेजारपाजारची मंडळी पाहून गेली. दुसऱ्या वर्षी चार पाने आली, तीही आखूड. तिसऱ्या वर्षी माती उकरून पाहिली तेव्हा हाताला ओला भुसा लागला.

कारण साधे आहे, आणि ते मला आधीच वाचून ठाऊक होते. पण वाचलेले आणि भोगलेले यांत अंतर असते. होस्टाला झोप लागते. हिवाळ्यात त्याची पाने झडून गड्डा जमिनीत निजतो, आणि त्या निजेत काही आठवडे तरी पाच अंशांच्या आगेमागे थंडी मिळाली नाही तर पुढील वसंतात जागे होण्यास त्यास बळ उरत नाही. आमच्याकडे पौषातही रात्रीचा पारा दहा-बारांवर थांबतो. चिनी जातीच्या सुवासिक पांढऱ्या होस्टास उष्मा इतरांपेक्षा अधिक सोसतो. तथापि इंदापूरचा मे महिना हा त्याच्याही सहनशक्तीचा विषय नव्हे. उष्ण प्रदेशांतील काही हौशी लोक गड्डे काढून शीतकपाटात ठेवतात असे वाचून मी तोही प्रयोग उरलेल्या एका गड्ड्यावर केला. कोथिंबीर व दही यांच्यामध्ये दोन महिने ती मातकट पिशवी राहिली. आमच्या घरून तिच्यासंबंधी जे उद्गार निघाले ते प्रस्तावनेत नमूद करण्याजोगे नाहीत. गड्डा उगवला, मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेला.

याच खटपटीत मला होस्टाचे कुळ पाहण्याची बुद्धी झाली. वंशावळ काढणे हे आमच्या खात्याचे नित्यकर्मच होय. मूळ खातेदार मयत झाला, वारस कोण, असा प्रश्न पडला की फेरफार उलगडीत मागे जावयाचे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे होस्टास शतावरीच्या कुळात आणि त्यातील घायपाताच्या उपकुळात घातले आहे. म्हणजे आमच्या ताली-बांधांवर काटेरी कुंपण म्हणून उभा असलेला घायपात हा त्याचा भाऊबंद, पुणे जिल्ह्यातील शेतकरी ज्याची फुले तोडून बाजारात धाडतात तो निशिगंधही भाऊबंद, आणि सर्वांत आश्चर्य म्हणजे पहिल्या पावसाबरोबर मावळात, मुळशीत, जुन्नरात उगवणारी फोडशी, जिला कोठे कुलू म्हणतात आणि जिची जुडी आषाढात पुण्याच्या मंडईत मावळातल्या बाया घेऊन बसतात, ती त्याची चुलतबहीण. फोडशीची कोवळी पाने आपण कांदा व डाळ घालून परततो. जपानात होस्टाचे कोवळे कोंब उरुई या नावाने भाजीस वापरतात. दोन दूरच्या देशांतील सुगरणींनी परस्परांना न विचारता एकाच घराण्यातील दोन भावंडे कढईत घातली, ही गोष्ट मला कोणत्याही शास्त्रीय पुराव्याइतकीच खात्रीची वाटते.

फोडशी व सफेद मुसळी ज्या जातिसमूहातल्या, त्याचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम. महाराष्ट्राशी त्याचे नाते जुने आहे. मुसळीच्या जातीस बोरिवलीचे नाव मिळाले आहे, आणि ते देणाऱ्या दोघांपैकी एक फादर संतापाऊ, जे जन्माने स्पॅनिश, वृत्तीने सह्याद्रीचे, मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील अध्यापक आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक. आमच्या जिल्ह्यातील पुरंदरच्या वनस्पतींवर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ 1958 साली निघाला. कोल्हापूरचे नाव धारण करणारी एक जात आणि कोकणातील गोठण्याचे नाव धारण करणारी दुसरी एक जात याच समूहात अलीकडे नोंदली गेली. या साऱ्या आपल्याकडच्या जाती चार महिन्यांच्या. पाऊस ओसरला की पाने सुकतात आणि गड्डे कोरड्या मातीत आठ महिने निजतात. होस्टाला गारठ्याची झोप हवी, फोडशीला कोरडेपणाची. निजण्याचा घराण्याचा गुण दोघांनी राखला, फक्त बिछाना ज्या त्या देशाप्रमाणे निवडला.

कुंडीत बारमाही डोळ्यांना सुख द्यावयाचे तर निजणारे झाड उपयोगी नाही. ते सुख या समूहातील आफ्रिकन बहीण देते, आणि ती आपल्या परिचयाची आहे: रोपवाटिकावाले तिला स्पायडर म्हणतात. उरुळी कांचनच्या रस्त्यावर दुतर्फा ज्या नर्सऱ्या आहेत त्यांतील कोणत्याही नर्सरीत वाफ्यांच्या कडेला, बहुधा फुलझाडांच्या मागे, तिच्या काळ्या पिशव्या मांडलेल्या असतात. पुण्याच्या एम्प्रेस बागेतील जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनातही ती असते, पण बक्षिसाच्या मांडणीत नव्हे, मांडवाच्या किनारीला. ती एवढी सामान्य झाली आहे की तिच्याकडे पाहण्याचे आपण सोडून दिले आहे. योगायोग असा की जपानात होस्टास नाव देणाऱ्या थुनबर्गनेच, तेथे जाण्यापूर्वी केप प्रांतात तीन वर्षे काढली होती, आणि 1794 साली या आफ्रिकन बहिणीचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्यानेच प्रसिद्ध केले. जर्मन कवी ग्योटे याने उतारवयात हे झाड बाळगले होते आणि त्याला लोंबणारी पिल्ले तो मित्रांना वाटीत असे. घरातील हवा ते शुद्ध करते, अशी जी ख्याती अलीकडे झाली आहे ती अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने बंदिस्त पेट्यांत केलेल्या प्रयोगांवर आधारलेली आहे. आमची घरे पेट्या नव्हेत, आणि पळसदेवात वारा अडविणे हेच अवघड, त्यामुळे त्या ख्यातीचा मी या पुस्तिकेत कोठेही आधार घेतलेला नाही.

आता पट्ट्यांविषयी. पानावरचा पांढरा भाग ही काही रंगकाम केलेली शोभा नव्हे. तेथे हरितद्रव्य नाही, म्हणून ते पांढरे. झाडाच्या वाढत्या शेंड्यात पेशींचे थर असतात, आणि त्यांपैकी एका थरात हरितद्रव्य करण्याची शक्ती नष्ट झाली तर त्या थरापासून पानाचा जो जो भाग घडेल तो पांढरा उमटतो. थर बाहेरचा असेल तर काठ पांढरा, आतला असेल तर मध्यशिरेचा पट्टा पांढरा. स्पायडरची ही दोन्ही वाणे मिळतात. माझ्या भाषेत सांगावयाचे तर हे सामाईक खाते आहे: एकाच सातबाऱ्यावर दोन हिस्सेदार, त्यांतला हिरवा कष्ट करून दोघांचे पोट भरतो आणि पांढरा बसून खातो, पण घराची शोभा म्हणून लोक पांढऱ्याचेच नाव घेतात. यावरून व्यवहाराच्या चार गोष्टी निघतात. चित्रपर्णी झाड हिरव्यापेक्षा सावकाश वाढणार, कारण मिळवणारा एक आणि खाणारे दोन; म्हणून खत व पाणी देताना हात आखडता ठेवावा. काळोखात कोंडले तर हिरव्याची कमाई घटून सारे घर उपाशी राहते. उलट वैशाखाच्या उघड्या उन्हात पांढरा हिस्सा प्रथम करपतो. बियांतून हे वाटप उतरत नाही, पिल्लांतून अथवा गड्डा फोडून जे रोप करावे त्यातच ते टिकते. आणि एखाद्या वर्षी संपूर्ण हिरवा फुटवा निघाला, तर तो जोमदार दिसतो म्हणून कौतुकाने राखू नये. तो दोघांचे खाते एकट्याच्या नावे करून घेतो. बुडापासून काढावा.

सावलीच्या प्रतबंदीस मी दोन वर्षे दिली. अंगणात व परसात मिळून बावीस ठिकाणी खुंट्या ठोकल्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी सूर्योदयापासून अस्तापर्यंत तासातासाने जाऊन कोणती खुंटी उन्हात व कोणती सावलीत हे वहीत लिहिले. गावातील पोरे "अण्णा सावली मोजतायत" म्हणून मागून फिरत. त्या वहीतून जे निघाले त्यातील मुख्य एवढेच सांगतो, बाकी तपशील पुढे प्रकरणवार दिला आहे. उत्तर भिंतीची सावली विश्वासू असते असे सर्वत्र छापलेले आहे. ते पुस्तक ज्या अक्षांशावर लिहिले गेले तेथे ते खरे असेल. पळसदेव अठरा अंशांच्या थोडेसे वर आहे, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै संपेपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेस सरकतो; म्हणजे वर्षातील सर्वांत कडक दिवसांत उत्तर भिंतीवर ऊन येते आणि दक्षिण भिंत सावलीत जाते. माझा होस्टा ज्या भिंतीला लावला होता ती हीच. थंडीच्या अभावाने न मारला असता तर तिने मारलाच असता.

झाडांच्या सावल्यांत करंजाला मी पहिला क्रमांक देतो. तो माघ-फाल्गुनात पाने टाकतो, परंतु चैत्र-वैशाखात नव्या चकचकीत पालवीने भरून येतो, आणि मेमध्ये त्याच्याखाली बारा-चौदा आण्यांची सावली पडते. लिंब आठ-दहा आण्यांचा, हलता, चाळणीसारखा. स्पायडरला हीच सावली सर्वाधिक मानवते, मात्र लिंबाच्या मुळ्या जमिनीतले पाणी ओढून नेतात, म्हणून तेथे कुंडीच ठेवावी. शेवग्याची सावली चार आण्यांची, आणि तीही शेंगा काढावयास कोणी चढले की दोन आण्यांवर येते. चिंचेखाली काही उगवत नाही असे आपले लोक म्हणतात आणि माझ्या खुंट्यांचाही तोच अनुभव आहे, पण चिंचेविषयी माझे मत निःपक्षपाती असू शकत नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. हिरवे शेडनेट ज्यांनी लावावयाचे त्यांनी निम्म्या सावलीचे घ्यावे. दाट जाळीखाली पट्टे फिके पडून सारे पान मरगळते.

पाण्याच्या बाबतीत आमच्या भागाची अडचण निराळी आहे. विहिरींना व बोअरना क्षार आहेत, उसाला वर्षानुवर्षे पाणी देऊन कित्येक रानेही चोपण झाली, आणि स्पायडरचे झाड क्षाराची तक्रार पानाच्या टोकाने करते: टोके तपकिरी होऊन वाळतात. नवशिका मनुष्य पाणी कमी पडले असे समजून आणखी तेच पाणी घालतो. छपरावरचे पावसाचे पाणी एका पिंपात धरून ठेवावे. बोटाएवढ्या जाड मुळ्यांत हे झाड स्वतःच पाणी साठविते, त्यामुळे माती वरून बोटाच्या पेराइतकी सुकल्याशिवाय पाणी मागत नाही, आणि एका पिंपात दहा-बारा कुंड्यांचा मोठा काळ निघतो. टोके वाळलीच तर कात्रीने तिरपी कापावीत. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण आणि पानामागे लाल कोळी येतात. ओल्या फडक्याने पुसणे हा त्यावर पहिला व बहुतेक वेळी पुरेसा उपाय आहे.

माती मात्र आमच्याकडे फुकट आहे. धरण आटले की शेतकरी ट्रॅक्टर घेऊन तळातला गाळ वाहून नेतात. त्यातील दोन पाट्या मीही आणतो. हा गाळ एकटा कुंडीत घातला तर पहिल्या उन्हात त्याची वीट बनते. त्याचे दोन भाग, बारीक चाळलेल्या मुरमाचा एक, आणि मुरलेल्या शेणखताचा अर्धा असे मिश्रण मला मानवले आहे. विंगेटच्या प्रतबंदीत पावणेदोन हात खोलीची काळी जमीन सोळा आण्यांची. या झाडाला एक वीत पुरते. तो गाळ भरून आणावयास मी जेथे जातो, तेथून देवळाचे शिखर समोर दिसते, आणि आमची चिंच साधारण कोणत्या दिशेस असावी हे मी दर वेळी मनाशी ठरवितो. दर वेळी ते थोडे निराळे ठरते; मोजणीदारास हे शोभत नाही.

या पुस्तिकेतील खुंट्यांचे नकाशे माझ्या हातचे आहेत, त्यांत चूक असल्यास ती माझी. कुंड्या कोठून कोठे व कधी हलवाव्यात याचे जे कोष्टक शेवटी जोडले आहे ते वस्तुतः आमच्या घरच्या मंडळींचे. शीतकपाटाच्या प्रकरणानंतर त्यांनी कारभार आपल्या हाती घेतला, आणि माझ्या बावीस खुंट्यांचे काम अंगणात उभ्या केलेल्या मुसळावर आणले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्या मुसळाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. त्या दिवशी जेवणे उरकली की उत्तर भिंतीच्या कुंड्या दक्षिणेच्या ओट्यावर जातात, आणि जुलै सरता पुन्हा तशीच दुपार आली की परत येतात. मधल्या अडीच महिन्यांत ओट्यावर बसावयास आम्हा दोघांपैकी एकालाच जागा उरते.

पळसदेव, ज्येष्ठ शुद्ध पंचमी